विमानाचें तिकीट केव्हां काढावें?

पुण्यांतील एक मध्यमवर्गीय कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. मुलगी व जांवई नोकरीनिमित्त दिल्लीस राहतात. मुलीचें पहिलें बाळंतपण जवळ आलें असून डॉक्टरांनीं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांतील तारीख दिलेली आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें हा जुना शिरस्ता खरा. परंतु डॉक्टर, दवाखाना आणि रजा हीं तिन्ही दिल्लीशीं बांधलेलीं असल्यामुळें या खेपेस मुलीनें माहेरीं न येतां माहेरच मुलीकडे जाणार आहे. आईनें डिसेंबरांत पुढें जावें व वडिलांनीं बारशास यावें, असा बेत. दिवाळी नुकतीच आटोपली आहे, फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नाहींत, तोंच घरांत वाद सुरू होतो : विमानाचीं तिकिटें आज काढावींत कीं थांबावें?

आई म्हणते, आजच काढावींत. भाडें दिवसेंदिवस वाढतच जाणार. वडील म्हणतात, थांबावें. गेल्या वर्षीं शेजाऱ्यांना अगदीं शेवटच्या आठवड्यांत स्वस्तांत मिळालें होतें. धाकटा मुलगा मोबाइलवर एकच चौकशी तासाभरांत तीनदां करतो, तीन वेळां तीन निरनिराळे आंकडे येतात, आणि कंपनीस आपली निकड कळली असा निष्कर्ष काढून तो चिडून मोबाइल बाजूस ठेवतो. तिघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे, आणि पुरतें खरें कोणाचेंच नाहीं. कां नाहीं, हें समजण्यास विमानाचें भाडें ठरतें कसें, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

एस. टी.च्या भाड्यास अंतर पुरतें. आगगाडीसहि बहुतांशीं तेंच पुरतें. डबा कोणता व गाडी कोणती एवढें ठरलें कीं भाडें ठरलें. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्यांस चढतें भाडें लागू झालें. दर शेंकडा दहा जागा विकल्या गेल्या कीं भाडें एक दशांशानें वाढावें, मूळ भाड्याच्या दीडपटीपलीकडे मात्र जाऊं नये, अशी ती योजना. तिची टीका पुष्कळ झाली, पण तिच्यांत एक सरळपणा होता : पायऱ्या सर्वांस ठाऊक होत्या, आणि त्या फक्त वर जात. विमानाच्या भाड्याच्या पायऱ्या ग्राहकास दिसत नाहींत, आणि त्या वर जातात तशा खालींहि येतात. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

पूर्वीं मात्र असें नव्हतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू विमानतळावर टपालाच्या थैल्या उतरविल्या, तेव्हां प्रवाशांच्या भाड्याचा प्रश्नच नव्हता. १९५३ मध्यें विमानवाहतूक सरकारच्या हातीं गेली आणि पुढें चाळीस वर्षें देशांतर्गत प्रवासाचें भाडें म्हणजे छापील कोष्टकांतील एक आंकडा होता. तिकीट सहा महिने आधीं काढलें काय आणि आदल्या दिवशीं काढलें काय, पैसे तेवढेच. तें भाडें बहुसंख्य कुटुंबांस परवडणारें नव्हतें हा भाग निराळा; पण तें अनाकलनीय नव्हतें. १९९४ मध्यें तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांस मोकळीक मिळाली, आणि ऑगस्ट २००३ मध्यें कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें स्वस्त उड्डाणें सुरू केलीं. त्या कंपनीनें कांहीं जागा एका रुपयास विकल्या होत्या. कर व इतर आकार धरून ती एका रुपयाची जागा कांहींशा अधिक पैशांस पडे, पण शेजारच्या जागेवरील प्रवाशानें त्याच उड्डाणास कित्येक पट पैसे मोजलेले असत. एकाच विमानांत, एकाच रांगेंत, एकाच वेळीं पोहोंचणाऱ्या दोन माणसांनीं निरनिराळे पैसे द्यावे, ही गोष्ट भारतीय मध्यमवर्गाच्या अंगवळणीं पडण्यास तेव्हांपासून आरंभ झाला.

ही कल्पना मात्र भारतांत जन्मलेली नव्हे. १९७२ मध्यें केन लिटलवुड या नांवाचा एक गणिती ब्रिटनच्या बी. ओ. ए. सी. या विमानकंपनींत काम करीत असतां त्यानें एक साधा नियम मांडला. रिकामी गेलेली जागा ही नासलेल्या दुधासारखी. विमान उडालें कीं तिची किंमत शून्य. म्हणून ती स्वस्तांत कां होईना, विकावी. पण आज स्वस्तांत विकली, तर उद्यां अधिक पैसे देणारा येईल त्यास द्यावयास जागा राहणार नाहीं. मग विकावी कीं राखावी? लिटलवुडचें उत्तर असें : समजा, स्वस्त भाडें ४,००० रुपये आहे व महाग भाडें १०,००० रुपये. ती जागा राखून ठेवल्यास महाग भाड्याचा गिऱ्हाईक येण्याचा संभव शंभरांत चाळिसांहून अधिक असेल, तर ती राखावी. चाळिसांहून कमी असेल, तर ४,००० घेऊन मोकळें व्हावें. कारण १०,००० चे शेंकडा ४० म्हणजे ४,०००. एवढेंच गणित. भाजीबाजारांत संध्याकाळीं सात वाजतां मेथीची जुडी किती कमींत द्यावी, हें ठरविणारी बाई हेंच गणित बोटांवर करीत असते. फरक इतकाच कीं तिची मेथी गिऱ्हाइकास दिसते.

अमेरिकेंत १९७८ मध्यें विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यावर या गणितास मोठें मैदान मिळालें. पीपल एक्स्प्रेस या नव्या कंपनीनें भाडीं इतकीं उतरविलीं कीं जुन्या कंपन्यांचे डोळे पांढरे झाले. तेव्हां १९८५ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें तितक्याच स्वस्त जागा बाजारांत आणल्या. मात्र मोजक्याच, आणि अटी घालून : तिकीट बरेंच आधीं काढलें पाहिजे, व बेत बदलल्यास पैसे परत मिळणार नाहींत. सहलीस जाणारास या अटी जाचत नाहींत. कामासाठीं अकस्मात् जाणारा व्यापारी त्या पाळूं शकत नाहीं व मुकाट्यानें पुरें भाडें देतो. कोणती जागा कोणासाठीं राखावी हें संगणक रोज ठरवी. पीपल एक्स्प्रेसजवळ असें यंत्र नव्हतें. सुमारें दोन वर्षांत ती कंपनी नामशेष झाली. पुढें जगांतील बहुतेक विमानकंपन्या याच रीतीनें जागा विकूं लागल्या.

आतां पुण्याच्या कुटुंबाकडे पुन्हां वळावें. पुण्याहून दिल्लीस जाणाऱ्या विमानांत समजा १८० जागा आहेत. प्रवाशास त्या एकसारख्या दिसतात; कंपनीच्या यंत्रांत त्यांचे अनेक कप्पे पाडलेले असतात व प्रत्येक कप्प्यास इंग्रजी वर्णमालेंतील एक अक्षर दिलेलें असतें. सर्वांत स्वस्त कप्प्यांत थोड्या जागा, त्याहून महाग कप्प्यांत आणखी कांहीं, याप्रमाणें वर वर. खालचा कप्पा संपला कीं पुढचा उघडतो. विक्री अपेक्षेहून मंद झाली, तर यंत्र मिटलेला कप्पा पुन्हां उघडतें आणि भाडें उतरतें. जलद झाली, तर अद्यापि न संपलेला कप्पाहि मिटवितें आणि भाडें एकाएकीं उडी घेतें. धाकट्या मुलास तासाभरांत तीन आंकडे दिसले, याचें कारण हेंच असण्याचा संभव अधिक. त्याची निकड ओळखून कंपनीनें भाव वाढविला, ही समजूत सर्वत्र पसरलेली असली तरी तिला भक्कम पुरावा कोणीं पुढें आणलेला नाहीं. दुसऱ्या कोणीतरी दोन जागा घेतल्या व कप्पा संपला, हें त्याचें साधें स्पष्टीकरण.

कप्प्यांच्या या रचनेंत कुटुंबवत्सल माणसानें ध्यानांत ठेवावी अशी एक बारीक गोष्ट आहे. चौघांसाठीं एकत्र चौकशी केली आणि स्वस्त कप्प्यांत तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रें तीन जागा स्वस्त व एक महाग असें सांगत नाहींत. ज्या कप्प्यांत चार जागा आहेत, त्याचें भाडें चौघांसहि लावतात. म्हणून प्रथम एकट्यासाठीं चौकशी करून पाहावी. एकट्याचें भाडें कमी निघालें, तर तीन तिकिटें एकदां व एक तिकीट निराळें काढल्यानें पैसे वांचतात. तोटा एवढाच कीं उड्डाण रद्द झालें तर कंपनीच्या लेखीं तें एक कुटुंब राहत नाहीं, दोन निरनिराळे गट होतात, आणि तिघे सकाळच्या व चौथा संध्याकाळच्या विमानांत बसविला जाण्याचा धोका असतो. बरोबर लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर हा शहाणपणा न केलेला बरा.

मंगळवारीं तिकीट काढल्यास स्वस्त पडतें, अशीहि एक समजूत आहे. अमेरिकेंतील कंपन्या एके काळीं आठवड्याच्या आरंभीं नवीं भाडीं जाहीर करीत व इतर कंपन्या दुसऱ्या दिवशीं त्यांची बरोबरी करीत, त्या काळचा हा अवशेष. आतां यंत्रें दिवसांतून अनेक वेळां भाडीं बदलतात. तिकीट कोणत्या वारीं काढलें, यापेक्षां प्रवास कोणत्या वारीं आहे याला फार अधिक महत्त्व आहे. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची रात्र व सोमवारची पहांट महाग. मंगळवार-बुधवारची दुपार स्वस्त. ज्या घरांत रजेचा प्रश्न नाहीं, त्यांनीं दिवस बदलून जेवढे पैसे वांचतात, तेवढे महिनाभर भाड्यावर पाळत ठेवून क्वचितच वांचतात.

मग किती दिवस आधीं? कंपन्या बहुधा अकरा महिने आधींपासून जागा विकूं लागतात. परंतु इतक्या आधीं भाडें सर्वांत कमी असतें असें नाहीं. कंपनीस तेव्हां मागणीचा अदमास नसतो, घाई नसते, व ती मधल्या भावानें बसून असते. उलट शेवटच्या दिवसांत धंद्यानिमित्त व संकटानिमित्त निघालेले प्रवासी येतात. यांच्या मधला काळ तो सामान्य कुटुंबाचा. जगांतील कंपन्यांनीं फार पूर्वींपासून प्रवासाच्या एकवीस, चौदा व सात दिवस आधीं अशा कांहीं पायऱ्या ठरविलेल्या आहेत. स्वस्त कप्प्यांच्या अटी त्या पायऱ्यांशीं बांधलेल्या असत, व आजहि त्या दिवसांच्या आसपास भाडें चढतांना दिसतें. म्हणून साध्या दिवसांतील देशांतर्गत प्रवासास सुमारें दोन महिने ते तीन आठवडे आधींचा काळ बरा, हा ठोकताळा निराधार नाहीं. दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी यांना मात्र तो लागू नाहीं. त्या दिवसांत विमान भरणारच, हें कंपनीस वर्षभर आधीं ठाऊक असतें; स्वस्त कप्पा मुळांतच लहान ठेवलेला असतो. तेव्हां तारीख ठरली कीं तिकीट काढावें. आईचा प्रवास डिसेंबरांतील आहे. नाताळच्या आठवड्यांत न जातां तिनें महिन्याच्या मध्यावरील मंगळवार धरला, तर पैसेहि वांचतील व गर्दीहि टळेल. दिल्लीस त्या दिवसांत पहांटे धुकें पडतें आणि सकाळचीं उड्डाणें तासन्‌तास खोळंबतात; तिनें दुपारचें विमान घ्यावें.

आणि शेजाऱ्यांस शेवटच्या आठवड्यांत स्वस्त तिकीट मिळालें, त्याचें काय? तेंहि खरेंच असेल. लिटलवुडचा नियम उलट बाजूनें लावला कीं उलगडा होतो : महाग गिऱ्हाईक येण्याची आशा सरली, तर कंपनी शेवटच्या दिवसांतहि भाव उतरविते. पण असें घडतें तें कमी मागणीच्या मार्गावर, आडवेळेच्या उड्डाणांत, किंवा एखाद्या नव्या विमानतळामुळें जागा एकाएकीं वाढल्या असतां. गोव्यास मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्यें सुरू झाला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा. अशा वेळीं दोन्ही विमानतळांचीं भाडीं ताडून पाहणें व त्यांत टॅक्सीचा खर्च मिळविणें अगत्याचें होतें. मुंबई-दिल्लीसारख्या धंद्याच्या मार्गावर शेवटच्या आठवड्याची आशा धरणें हा जुगार आहे. जिंकलेला शेजारी ती गोष्ट चार ठिकाणीं सांगतो; हरलेला गप्प बसतो.

येथवर भाडें वाढेल कीं उतरेल याचाच विचार झाला. घरच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे, व तो बहुतेक लोक विचारीतच नाहींत : प्रवास ठरल्या दिवशीं होईल याची खात्री किती? स्वस्त तिकीट स्वस्त असतें, कारण बेत बदलण्याचा हक्क विकत न घेतां तें घेतलेलें असतें. हिशेबासाठीं कांहीं आंकडे कल्पनेनें घ्यावे. आज तिकीट ५,२०० रुपयांस आहे. रद्द केल्यास त्यांतील कर वगैरे धरून १,००० परत मिळतील, म्हणजे नुकसान ४,२०० चें. थांबल्यास आठवडाभर आधीं तेंच तिकीट ८,५०० ला पडेल, म्हणजे ३,३०० अधिक. प्रवास न होण्याचा संभव चारांत एक असेल, तर आज काढण्यांतील सरासरी नुकसान ४,२०० चा चतुर्थांश, म्हणजे १,०५०. थांबण्यांतील सरासरी नुकसान ३,३०० चे तीन चतुर्थांश, म्हणजे २,४७५. तेव्हां आजच काढावें. पण प्रवास होण्याचा व न होण्याचा संभव सारखाच असेल, तर पहिला आंकडा २,१०० व दुसरा १,६५० होतो, आणि थांबणें शहाणपणाचें ठरतें. या आंकड्यांवर सीमा येते शंभरांत सुमारें चव्वेचाळीस. प्रत्येकानें आपल्या प्रवासाचे आंकडे घालून पाहावें. कागदाच्या तुकड्यावर दोन मिनिटांचें काम आहे.

या हिशेबानें आई व वडील यांचे प्रश्न एकदम निराळे पडतात. आईनें बाळंतपणापूर्वीं दोनतीन आठवडे पोहोंचावयाचें आहे. तिची तारीख चुकण्याचा संभव थोडा. वडिलांचें बारसें बाळाच्या जन्मावर अवलंबून, आणि बाळ डॉक्टरांची तारीख पाळीलच असें नाहीं. अदमासानें एक दिवस धरून तिकीट काढलें, तर तें चुकण्याचाच संभव मोठा. तारीख बदलण्याची मुभा देणारीं तिकिटें मिळतात, परंतु त्यांतहि खोंच आहे : बदलण्याचा आकार माफ झाला तरी नव्या दिवसाचें भाडें अधिक असल्यास तो फरक द्यावाच लागतो, आणि नवा दिवस जवळचा असल्यानें फरक बहुधा असतोच.

तिकिटाच्या पावतीवरील आंकडे फारसे कोणी वाचीत नाहीं, पण ते वाचण्यासारखे आहेत. मूळ भाडें, कंपनी आकारीत असल्यास इंधनाचा अधिभार, विमानतळाचें शुल्क, आणि साध्या वर्गाच्या तिकिटावर शेंकडा पांच वस्तु-सेवा कर, अशी ती बेरीज असते. विमानाच्या इंधनाचा भाव देशांत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बदलतो, आणि कंपनीच्या खर्चांत इंधनाचा वांटा सर्वांत मोठा असतो. त्या इंधनावर वस्तु-सेवा कर नसून राज्यांचा विक्रीकर आहे. महाराष्ट्रानें २०२३ च्या अर्थसंकल्पांत मुंबई-पुणें भागांतील हा कर शेंकडा २५ वरून १८ वर आणला. म्हणून इंधन उतरलें कीं तिकीट उतरेल असें मानणें मात्र भोळेपणाचें. कंपनी भाडें ठरविते तें खर्चावरून नव्हे, गिऱ्हाईक काय देईल त्यावरून. खर्चाचा परिणाम सावकाश होतो : न परवडणारीं उड्डाणें बंद पडतात, जागा घटतात, आणि मग भाडें चढतें.

सरकार मधें पडत नाहीं काय? क्वचित् पडतें. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजीं देशांतर्गत उड्डाणें पुन्हां सुरू झालीं, तेव्हां प्रवासाच्या वेळेप्रमाणें मार्गांचे सात वर्ग करून प्रत्येकास किमान व कमाल भाडें ठरवून दिलें गेलें. दिल्ली-मुंबईस किमान ३,५०० व कमाल १०,००० रुपये, आणि शेंकडा ४० जागा मधल्या आंकड्याहून कमी दरानें विकाव्यात, अशी अट होती. ३१ ऑगस्ट २०२२ रोजीं हीं बंधनें उठलीं. पुढें डिसेंबर २०२५ च्या आरंभीं, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाल्यानंतर महिन्याभरांतच, इंडिगो या देशांतील सर्वांत मोठ्या कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. विमानतळांवर माणसें सामानावर डोकें टेकून रात्रीं काढूं लागलीं आणि उरलेल्या जागांचे भाव आकाशास भिडले. ६ डिसेंबर रोजीं सरकारनें कमाल भाडें बांधून दिलें : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारापर्यंत १२,०००, दीड हजारापर्यंत १५,००० व त्यापुढें १८,००० रुपये, कर व विमानतळशुल्क निराळें. पुणें-दिल्ली यांतील तिसऱ्या वर्गांत येतें. मर्यादा होती, पण ती नेहमींच्या भाड्याच्या कितीतरी वर होती; तिनें लूट थांबविली, स्वस्ताई आणली नाहीं. अशा बंधनाची वाट पाहून तिकीट लांबणीवर टाकणें म्हणजे आग लागल्यावर बंब येईल या भरंवशावर स्वैंपाकघरांत निष्काळजीपणा करणें होय.

घरास अधिक उपयोगी आहेत ते परताव्याचे नियम. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें २०१६ मध्यें असें ठरविलें कीं रद्द करण्याचा आकार मूळ भाडें व इंधनाचा अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असूं नये, आणि ‘परतावा नाहीं’ असें लिहिलेल्या तिकिटावरहि कर व विमानतळशुल्क परत मिळालें पाहिजे. प्रवासी विमानतळावर पोहोंचलाच नाहीं, तरीहि तो हक्क राहतो. कित्येक लोक हे पैसे मागतच नाहींत. तसेंच परताव्याची रक्कम पुढील प्रवासासाठीं कंपनीकडे जमा ठेवावी कीं रोख घ्यावी, हें प्रवाशानें ठरवावयाचें आहे, कंपनीनें नव्हे. २०१९ च्या प्रवासी सनदेनें आणखी एक सवलत दिली : प्रवास सात दिवस वा अधिक दूर असेल, तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत तें विनाआकार रद्द करतां वा बदलतां येईल. नोव्हेंबर २०२५ मध्यें हा अवधि ४८ तासांचा करण्याचा मसुदा पुढें आला. नियम असे बदलत असल्यामुळें तिकीट काढण्याच्या दिवशीं कोणता लागू आहे, तें कंपनीच्या अटींत पाहून घ्यावें. पण सवलतीचा उपयोग नेहमीं एकच : बरें भाडें दिसतांच तिकीट घेऊन टाकावें, व मग त्या मुदतींत घरच्यांशीं, कचेरीशीं आणि इतर कंपन्यांच्या भाड्यांशीं शांतपणें विचारविनिमय करावा. वाद आधीं व तिकीट मागाहून, हा बहुतेक घरांतील क्रम उलटा केला कीं निम्मे तंटे मिटतात. ज्येष्ठांची सवलत आहे म्हणून आईनें डोळे मिटून तेंच तिकीट घेऊं नये. कित्येकदां ती सवलत वरच्या भाड्यावर मोजलेली असते, व साधें तिकीटच कमी पडतें. दोन्ही ताडून पाहावीं.

फार आधीं तिकीट काढण्यांत दुसरा एक धोका असतो. त्याचा उच्चार जाहिरातींत नसतो. प्रवाशाचे पैसे आज कंपनीकडे जातात, सेवा मात्र महिन्यांनंतर मिळावयाची असते. मधल्या काळांत कंपनीच राहिली नाहीं तर? जेट एअरवेजचें शेवटचें विमान १७ एप्रिल २०१९ रोजीं उडालें; गो फर्स्ट मे २०२३ मध्यें बंद पडली. दोन्ही वेळां सुट्टीचे दिवस होते, हजारों कुटुंबांचीं तिकिटें हातांत होतीं, आणि परताव्यासाठीं त्यांना धनकोंच्या लांब रांगेंत शेवटीं उभें राहावें लागलें. टाळेबंदींतील तिकिटांच्या पैशांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १ ऑक्टोबर २०२० रोजीं त्याचा निकाल लागला. ज्या कंपनीच्या वैमानिकांचे पगार थकल्याच्या, भाड्यानें घेतलेलीं विमानें मालकांनीं परत मागितल्याच्या बातम्या येत आहेत, तिचें सहा महिन्यांपुढील तिकीट कितीहि स्वस्त असलें तरी घेऊं नये. वर्तमानपत्राचें आर्थिक पान एरवीं उघडलें नाहीं तरी चालेल. तिकीट काढण्यापूर्वीं उघडावें.

या साऱ्या व्यवस्थेंत सर्वांत अधिक भाडें कोण देतो? गणिताच्या भाषेंत तो व्यापारी प्रवासी. वस्तुतः त्याच रांगेंत, त्याच भावानें, वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आलेला मुलगाहि उभा असतो. यंत्रास दोघांतील फरक कळत नाहीं. दोघेहि उद्यांचें तिकीट मागत आहेत एवढेंच कळतें. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें हल्ला झाल्यानंतर श्रीनगरहून घाबरून निघालेल्या प्रवाशांचेंहि तसेंच होणार होतें. सरकारनें कंपन्यांना भाडीं आवरण्यास व उड्डाणें वाढविण्यास सांगितलें. प्रयागच्या २०२५ च्या कुंभमेळ्याच्या वेळींहि उड्डाणें वाढवावीं लागलीं. या सामुदायिक प्रसंगांची दखल तरी घेतली गेली. एकट्या घरावर कोसळलेल्या प्रसंगाची घेणारा कोणी नसतो. उत्तर अमेरिकेंतील कांहीं कंपन्या जवळच्या नातलगाच्या मृत्यूनिमित्त निघालेल्या माणसास सवलत देतात. भारतांत विद्यार्थी, सैनिक, ज्येष्ठ यांच्यासाठीं सवलती आहेत, तशी ही सर्वत्र असावी, अशी मागणी कोणी मोठ्यानें करीत नाहीं, याचें नवल वाटतें. तोंपर्यंत ज्यांच्या घरीं दूरगांवीं वृद्ध आईबाप आहेत, त्यांनीं वर्षाच्या खर्चांत एका अकस्मात् प्रवासाची रक्कम निराळी काढून ठेवावी. सुट्टीच्या तिकिटांत हजार-पांचशें वांचविण्यासाठीं जी धडपड चालते, तिचे पैसे या खात्यांत टाकतां येतात.

पुण्याच्या कुटुंबानें अखेर असें केलें. आईचें तिकीट त्याच रात्रीं काढलें : डिसेंबरच्या मध्यावरील मंगळवार, दुपारचें विमान, साधें तिकीट. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत मुलानें इतर भाडीं पाहिलीं, कोठें कमी दिसलें नाहीं, व तें तसेंच ठेवलें. वडिलांचें तिकीट काढलें नाहीं. बारसें बाराव्या दिवशीं. म्हणजे बाळ जन्मल्याचा फोन आला कीं हातीं अकरा-बारा दिवस राहतात. चौदा दिवसांची पायरी हुकलेली असेल, पण सातांची शिल्लक असेल. तेव्हां पेढे आणावयास जाण्यापूर्वीं आधीं तिकीट काढावयाचें, असें ठरलें. आगगाडीचें आरक्षण ६० दिवस आधीं खुलें होतें व तें रद्द करण्यास तुलनेनें थोडें पडतें, म्हणून परतीचें तिकीट आगगाडीचें, आणि तेंहि अदमासानेंच, काढून ठेवावयाचें. रजेचा अर्ज मात्र वडिलांनीं तारखेची जागा कोरी ठेवून त्याच रात्रीं लिहून टाकला.